अब्बांच्या गोळ्या आणि आतड्यातलं कुलूप

इयादतीला आलेल्यांचे प्रश्न आपल्याकडे ठरलेले असतात. जेवण जातं का, झोप लागते का, ताप उतरला का, डॉक्टर काय म्हणाले. मग सफरचंदांची पिशवी कोपऱ्यात ठेवायची, दुआ करायची आणि उठायचं. परसाकडे होतंय का, हे कुणी विचारत नाही. पाहुणे सोडा, घरातलेही विचारत नाहीत. मुलीने बापाला आणि सुनेने सासऱ्याला असं काही विचारणं म्हणजे बेअदबीच वाटते. माझ्या अब्बांचं शेवटचं आजारपण काही दिवस नेमकं याच प्रश्नापाशी अडून बसलं होतं.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हाच तो कमरेच्या हाडांत उतरलेला होता. दिवसा ते कसंबसं निभावून न्यायचे. रात्र झाली की कूस बदलतानासुद्धा तोंडातून आवाज निघायचा, आणि तो आवाज दाबण्यासाठी ते चादरीचा कोपरा दातांत धरायचे. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा उपयोग संपला, तेव्हा शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मॉर्फिन लिहून दिलं. दहा मिलीग्रॅमची गोळी, दर चार तासांनी.

मॉर्फिन म्हणजे अफूतलं द्रव्य, हे कळल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. चाचांना ती नशा वाटली. भाभीला वाटलं, मॉर्फिन लिहिलं म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली. अम्मींनी सरळ मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरांनी इलाज म्हणून दिलंय, दुसरा उपाय चालत नाही, गरजेपुरतंच घेताय, मग मनात शंका ठेवू नका. तिसऱ्या रात्री अब्बा सलग चार तास झोपले. अम्मी त्यांच्या उशाशी बसून श्वास मोजत होत्या. इतक्या दिवसांनी घरात शांत रात्र आली, तर तिचीच त्यांना भीती वाटत होती.

पण सहाव्या दिवशी कण्हणं परत सुरू झालं. सातव्या दिवशी अम्मींना अब्बांच्या चष्म्याच्या घरात कागदात गुंडाळलेल्या पाच गोळ्या सापडल्या. आम्ही दिलेल्या गोळ्या ते जिभेखाली धरून नंतर काढून ठेवत होते. मी जवळ बसून विचारलं, तेव्हा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘दुखणं सहन होतं बेटा, हे होत नाही.’’ सात दिवसांत त्यांना एकदाही परसाकडे झालं नव्हतं. पोट ढोलासारखं फुगलेलं, घास बघितला की उमासे. ही नवी गोळी सुरू झाली आणि पोट बांधलं गेलं, हे त्यांनी आपल्या मेकॅनिकच्या डोक्याने बरोबर ताडलं होतं. दोन दुखण्यांपैकी एक निवडायचंय, असं समजून त्यांनी हाडांचं दुखणं निवडलं होतं.

दवाखान्याचा कागद मी पुन्हा काढून पाहिला. मॉर्फिन होतं, उलटीची गोळी होती, कॅल्शियम होतं. पोट साफ होण्याचं औषध नव्हतं, आणि ‘पोट बांधेल’ असा एक शब्दही कुणी बोललं नव्हतं. इतकी मोठी इमारत, इतकी यंत्रं, आणि एवढी साधी गोष्ट राहून जावी, याचा राग मला अजूनही येतो.

मग घरगुती उपाय सुरू झाले. ‘‘खातच नाहीत तर होणार कुठून?’’ असं म्हणत शेजारच्या खालांनी इसबगोल आणून दिलं. कुणी एरंडेल सांगितलं, कुणी कोमट पाण्यात तूप. नवव्या दिवशी पातळ पाण्यासारखं थोडंथोडं गळायला लागलं, कपडे खराब होऊ लागले. सगळ्यांना वाटलं, चला, सुटलं एकदाचं. सुटलं ते थांबेना, तेव्हा चाचा मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या कॅप्सूल घेऊन आले. त्यांवर लिहिलं होतं, लोपेरामाइड.

ती कॅप्सूल अब्बांच्या पोटात गेली नाही, कारण त्याच संध्याकाळी घरी येऊन रुग्ण पाहणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरबाई आल्या. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होण्यासारखा नसला तरी त्रास कमी करण्याचं वैद्यक. बाईंनी पोट दाबून पाहिलं, हातमोजा घालून तपासलं आणि आधी ती स्ट्रिप उचलून बाजूला ठेवली. म्हणाल्या, हे जुलाब नाहीतच. खाली दगडासारखा मळ अडकलाय, आणि त्याच्या कडेने वरचं पाणी झिरपतंय. ही कॅप्सूल दिली असती तर अडकलेलं आणखी अडकलं असतं, कारण मॉर्फिन आतड्यातल्या ज्या कुलपाला लागतं, त्याच कुलपाला ही लागते.

कुलपाची ही गोष्ट माझ्या मनात राहिली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आतड्याचं चित्र फळ्यावर किती वर्षं काढत आले आहे, त्याला गणती नाही. पण पाठ्यपुस्तकातलं आतडं म्हणजे एक नळी आणि तिला आलेल्या लाटा, एवढंच. त्या लाटा कोण उठवतं, ते तिथे अर्ध्या ओळीत संपतं. पुढचे काही आठवडे अब्बांच्या उशाशी बसून मी त्यावर जमेल ते वाचलं.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतला थर नळीला वेढा घालून असतो, बाहेरचा लांबीच्या दिशेने पसरलेला. या दोन थरांच्या मध्ये मज्जापेशींचं एक जाळं असतं, अगदी अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत. या पेशी कोट्यवधी आहेत आणि त्यांचा कारभार बराचसा स्वतंत्र चालतो. १८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या आणि तरी आतडं आपलं काम करतं हे पाहिलं. आत गोळा सरकवला की गोळ्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा भाग सैल पडतो. मागून ढकलायचं आणि पुढून वाट द्यायची. मेंदूला विचारण्याची गरज पडत नाही.

हे आवळणं आणि सैल पडणं जमवून आणणारे निरोप रसायनांचे असतात. मज्जापेशीच्या टोकाशी रसायन सुटतं आणि शेजारच्या पेशीवरच्या एका प्रथिनात जाऊन बसतं. या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. किल्ली ठरावीक कुलपातच बसावी तसं ठरावीक रसायन ठरावीक रिसेप्टरमध्ये बसतं, आणि ते बसलं की त्या पेशीच्या आत हुकूम सुटतो. निरोप्यांपैकी काही अगदी साधे रेणू आहेत. काही मात्र अमिनो आम्लांच्या छोट्या माळा असतात. मज्जापेशींनी बनवलेल्या अशा माळा म्हणजे न्यूरोपेप्टाइड. त्यांतलं एक १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या आतड्याच्या आणि मेंदूच्या अर्कात सापडलं. त्याचं नाव राहिलं ‘सबस्टन्स पी’. मला गंमत वाटते ती याची की मेंदूत आणि आतड्यात एकच पदार्थ मिळाला, हे इतक्या लवकर कळलं होतं. गोळ्याच्या मागच्या बाजूला अॅसिटिलकोलीन आणि हे सबस्टन्स पी स्नायूला ‘आवळ’ म्हणतात. पुढच्या बाजूला व्हीआयपी नावाचं दुसरं पेप्टाइड आणि नायट्रिक ऑक्साइड वायू ‘सैल सोड’ म्हणतात. ही व्हीआयपी म्हणजे बडी असामी नव्हे, तिच्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत.

रोज्यात दुपारनंतर रिकामं पोट गुरगुरतं, त्यामागेही असंच एक पेप्टाइड असतं. मोटिलिन त्याचं नाव. पोट रिकामं असलं की साधारण दीड ते दोन तासांनी जठरापासून एक जोरदार लाट उठते आणि उरलंसुरलं पुढे झाडून नेते. आपण त्याला भुकेचा आवाज म्हणतो. प्रत्यक्षात ती झाडलोट असते.

आता अफूकडे येऊ. अफूने जुलाब थांबतात हे आपल्या आजीच्या आजीलाही माहीत होतं. हकिमांना होतं, वैद्यांना होतं. का थांबतात, याचं उत्तर मिळायला स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला पोचावं लागलं. तिथे हान्स कोस्टरलिट्झ नावाचे संशोधक गिनी पिगच्या लहान आतड्याची पट्टी कोमट क्षारपाण्यात टांगून तिला विजेचे हलके झटके देत. प्रत्येक झटक्याला पट्टी आखडायची. पाण्यात मॉर्फिन घातलं की आखडणं मंदावायचं. मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन घातलं की पट्टी पुन्हा पहिल्यासारखी आखडायची. आणि या जातीचं जे औषध पट्टीला जितकं मंद करी, तितकंच ते माणसाचं दुखणं कमी करण्यात जोरकस ठरे. म्हणजे दुखण्याच्या औषधांची ताकद ते आतड्याच्या तुकड्यावर मोजत होते.

यातून एक प्रश्न उभा राहतो. खसखशीच्या बोंडातल्या चिकाला बरोबर बसणारं कुलूप आपल्या शरीरात असावं तरी कशाला? शरीराची स्वतःची काही किल्ली असल्याशिवाय ते असणार नाही. १९७५ साली कोस्टरलिट्झ आणि त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूज यांनी ती किल्ली दाखवली. डुकरांच्या मेंदूतून त्यांनी दोन पेप्टाइड वेगळी केली, प्रत्येकात फक्त पाच अमिनो आम्लं. पाचांतली चार दोन्हींत सारखी, शेवटचं एक वेगळं. कोस्टरलिट्झ तेव्हा ७२ वर्षांचे होते. पेप्टाइडला नाव दिलं एन्केफॅलिन, अर्थ ‘डोक्यातलं’. खरं तर नाव अर्धंच बरोबर आहे, कारण आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशीही एन्केफॅलिन बनवतात. तिथे ते हलका ब्रेक म्हणून काम करतं. आतड्याची हालचाल फार जोरात जाऊ नये, अन्न शोषायला वेळ मिळावा, इतकाच तो ब्रेक. काम झालं की शरीर ते पेप्टाइड लगेच मोडून टाकतं.

मॉर्फिन असं लगेच मोडलं जात नाही. ते तासन्‌तास कुलपात बसून राहतं. मेंदूत आणि पाठीच्या कण्यात त्याच जातीच्या कुलपांत बसून ते दुखण्याचा निरोप अडवतं, हे आपल्याला हवंच असतं. आतड्यात बसतं तेव्हा ते मज्जापेशींना अॅसिटिलकोलीन सोडू देत नाही, त्यामुळे मागचा ढकला जातो. सैल सोडण्याचा निरोपही दबतो, त्यामुळे आतला स्नायू जागच्या जागी आवळून बसतो. गुदद्वाराजवळचा वेढा घट्ट होतो. आतड्यात सुटणारं पाणी कमी होतं, आणि मळ जितका रेंगाळतो तितकं त्याच्यातलं पाणी शोषलं जातं. म्हणून दगड होतो. अब्बा खात नव्हते म्हणून काही हे झालं नव्हतं, आणि अशक्तपणामुळेही नव्हतं.

मी हे अब्बांना सांगायला बसले तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, ‘‘म्हणजे इंजिन बंद पडतं?’’ मी म्हटलं, नाही अब्बा, इंजिन चालूच असतं, जागच्या जागी थरथरत राहतं. ‘‘मग गिअर न्यूट्रलला गेलाय,’’ ते म्हणाले, ‘‘गाडी ढकलायला माणूस लावा.’’ डॉक्टरबाईंनी लावलेला माणूस म्हणजे रेचकं.

बाईंचं म्हणणं असं की मॉर्फिनची पहिली गोळी आणि पोट साफ होण्याचं पहिलं औषध एकाच दिवशी सुरू व्हायला हवं, पोट बांधण्याची वाट पाहायची नाही. मॉर्फिनने सुरुवातीला येणारी गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, शरीराला सवय होते. पोट बांधण्याची सवय मात्र जवळजवळ होतच नाही. जितके दिवस मॉर्फिन, तितके दिवस रेचक. तेही साधारणपणे दोन तऱ्हांचं: एक आतड्याला हालचालीला उद्युक्त करणारं, दुसरं मळात पाणी धरून ठेवणारं. पहिल्या तऱ्हेत बिसाकोडिल येतं, आणि आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली सना मक्कीही येते. सनाच्या पानातलं द्रव्य मोठ्या आतड्यातले जिवाणू बदलतात, आणि बदललेलं द्रव्य आतड्याला हलवतं. दुसऱ्या तऱ्हेत लॅक्टुलोजसारखी पातळ औषधं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, आणि मळ अडकलाय का ते तपासल्याशिवाय ढकलणारं औषध घरच्या घरी सुरू करायचं नाही. इसबगोल इथे कामाचं नाही, हे ऐकून खालांना वाईट वाटलं. एरवी ते चांगलं. पण ते मळाचं आकारमान वाढवतं आणि पुढे ढकलण्याचं काम आतड्यावर सोडतं. ढकलणाराच झोपलेला असताना, आणि माणूस दोन घोट पाणीसुद्धा मुश्किलीने पीत असताना, ते आत चिखलासारखं बसून राहू शकतं.

लोपेरामाइडचंही कोडं मला वाचताना उलगडलं. तेही मॉर्फिनच्याच कुलपात बसतं, पण त्याने दुखणं थांबत नाही. कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पंपासारखं एक प्रथिन असतं, ते लोपेरामाइडला आल्या पावली बाहेर हाकलतं. नेहमीच्या मात्रेत औषध आतड्यापुरतंच राहतं. हेच पाहून उलट्या बाजूनेही कुणी विचार केला. शिकागोचे लिऑन गोल्डबर्ग यांचा एक मित्र कॅन्सरने आजारी होता आणि मॉर्फिनमुळे पोट बांधून हैराण झाला होता. त्यांनी अशा उताऱ्यावर काम सुरू केलं की जो आतड्यातलं कुलूप मोकळं करील पण मेंदूत शिरणार नाही, म्हणजे दुखणं दबलेलंच राहील. मिथाइलनॅल्ट्रेक्सोन हे ते औषध. अमेरिकेत त्याला २००८ साली परवानगी मिळाली. अब्बांना त्याची गरज पडली नाही.

त्या संध्याकाळी बाईंबरोबर आलेल्या नर्सताईंनी एनिमा दिला आणि अडकलेला मळ हाताने काढला. दोन तास लागले. खोलीत फक्त माझा भाऊ होता, अब्बांनी आम्हा बायकांना बाहेर बसायला सांगितलं होतं. आतून त्यांच्या विव्हळण्याचा आवाज येत होता, मग तो हळूहळू थांबला. दार उघडलं तेव्हा ते घामाने भिजलेले होते, आणि पहिला प्रश्न विचारला तो नर्सताईंचं नाव काय. दुआत नाव घ्यायचं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवसापासून मॉर्फिन पुन्हा वेळेवर सुरू झालं आणि रात्रीची रेचकंही. अम्मींनी एका जुन्या वहीत रकाने आखले. गोळीची वेळ, दुखणं दहापैकी किती, आणि तिसरा रकाना नुसता बरोबरच्या खुणेचा. त्या रकान्याला त्यांनी नाव दिलं नव्हतं, पण सकाळी अब्बा स्वतःच हाक मारून सांगायचे, ‘‘वहीत खूण कर.’’ लाज कुठे गेली कुणास ठाऊक. बाई दर आठवड्याला ती वही आधी पाहायच्या, अब्बांना नंतर. दोन दिवस खूण नसली की मात्रा बदलायच्या. मॉर्फिन मात्र त्या कारणाने एकदाही कमी केलं नाही.

मॉर्फिनबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण घरोघर हा घोळ होतो. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही कॅन्सरच्या दुखण्याने तळमळणाऱ्या इथल्या असंख्य रुग्णांपर्यंत मॉर्फिन पोचत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या अटी इतक्या जाचक होत्या की दवाखाने ते ठेवायलाच घाबरत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सोपी झाली. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांसाठी आहे, केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी गावोगाव घरी जाऊन रुग्ण पाहण्याची पद्धत उभी केली. इतक्या खटपटीने घरात आलेली गोळी जर माणूस पोट बांधलं म्हणून चष्म्याच्या घरात लपवणार असेल, तर सगळं मुसळ केरात.

अब्बा त्यानंतर साडेतीन महिने राहिले. त्यांतले दोन महिने तरी खुर्चीवर बसून पाची वक्तांची नमाज पढत होते, नातवाला पाना आणि स्पॅनर यांतला फरक समजावत होते, एकदा हट्टाने पाया सूप मागवून चार चमचे प्यायलेही. शेवटच्या आठवड्यात गिळता येईना, तेव्हा बाईंनी मॉर्फिन सुईने द्यायला सुरुवात केली आणि रेचकं थांबवली. जुम्माच्या पहाटे इंतकाल झाला.

चाळिशी झाल्यावर मी उरलेल्या गोळ्या परत करायला गेले. मॉर्फिन उरलं तर ते घरात ठेवायचं नाही, केंद्रात जमा करायचं, असं बाईंनी बजावलेलं. नर्सताईंनी तेवीस गोळ्या मोजून रजिस्टरमध्ये लिहिल्या, माझी सही घेतली. पिशवीत बिसाकोडिलची एक न फोडलेली स्ट्रिपही होती. तीही त्यांनी मागून घेतली. बाहेर बाकावर एक माणूस आपल्या आईच्या मॉर्फिनसाठी पहिल्यांदाच आला होता, ती त्यांनी त्याच्या हातात दिली आणि ती कशासाठी, हे त्याला समजावून सांगत बसल्या.